चवथीचे गवत आणि बॅटरीचे मशीन

पत्र असे आहे:

'सप्रेम नमस्कार. आमचे घर डिचोली तालुक्यातल्या एका गावात. घर धरून जागा नऊशे चौरस मीटर. पुढे अंगण, दोन्ही बाजूंना परस, ते सगळे सपाट. मागे चढ आहे, तिथे पोफळी, सात माड आणि मानकुराद आंब्याची चार कलमे. गवत काढणारा माणूस चवथीच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा येतो. गेल्या वर्षी चवथीला तो आलाच नाही, कारण सगळ्या गावाला तो त्याच आठवड्यात हवा असतो. यजमानांच्या पाठीचे ऑपरेशन झाले आहे, त्यामुळे कोयता घेऊन वाकणे बंद. मी अठ्ठावन्न वर्षांची, गुडघे अजून धड आहेत. पुण्याहून मुलाने ऑनलाइन एक बॅटरीवरचे गवत कापायचे मशीन दाखवले आहे. २१ व्होल्ट, दोन बॅटऱ्या, तीन तऱ्हेची पाती, किंमत तीन हजारांच्या आत. शेजारचे काका हसतात. म्हणतात, बॅटरीचे म्हणजे खेळणे, घ्यायचे तर पेट्रोलचे घे. खरे कोणाचे? किती व्होल्टचे घ्यावे? मला जमेल का? यजमान म्हणतात मीच चालवतो, त्यांना द्यावे का? आणि गवतात फुरसे असते, त्याचे काय?'

ताई,

व्होल्टचे नंतर बघू. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे: चवथीच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा. माझे अर्धे उत्तर तिथेच आहे. गवत वर्षातून दोनदाच काढायचे असेल तर बॅटरीचे मशीन घेऊच नका. मुलाने दाखवलेले तर नकोच, त्याच्या दहापट किमतीचेही नको.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. मृगाचे दोन पाऊस झाले की टाकळा उगवतो, आपण कौतुकाने त्याची भाजी करतो. आषाढीपर्यंत गवत पोटरीला लागते आणि श्रावण अर्धा सरेपर्यंत कमरेला. तोवर त्याच्या काड्या झालेल्या असतात, मधूनमधून लाजरीचे काटे, रानमोडीची खोडे, त्यांच्यावर चढलेले वेल. त्याला गवत म्हणायचे ते सवयीने, खरे तर ते रान झालेले असते.

बॅटरीच्या मशीनला पुढे एक फिरते मुंडके आणि त्यात नायलॉनची दोरी असते. ती धारेने कापत नाही, फटका मारते. साधारण ३३ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ मिनिटाला सहा हजार वेळा फिरले, तर दोरीचे टोक ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. कोवळी, रसरशीत पात त्या फटक्याने तुटते. जून काडी मात्र मार खाते, वाकते आणि दोरीचा वेग गिळते. वर ओले लांब गवत मुंडक्याभोवती गुंडाळले गेले की मोटर घुमते, तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. काका हसतात ते अशीच बंद पडलेली मशीने पाहून.

या दोरीची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९७१ साली अमेरिकेत ह्यूस्टनला जॉर्ज बॅलस नावाचे गृहस्थ गाडी धुवायला घेऊन गेले. तिथले गरगर फिरणारे ब्रश गाडीच्या कानाकोपऱ्यात शिरतात आणि रंगाला ओरखडाही येत नाही, हे त्यांनी पाहिले. घरी येऊन त्यांनी पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोके पाडली, त्यांतून मासे पकडायचा तंगूस ओवला आणि डबा एका फिरत्या यंत्राला जोडला. आपल्याकडे मांडवीच्या काठी गरी टाकून बसलेल्या पोराच्या हातात असतो, तोच तंगूस. हे अवजार जन्मले ते झाडाच्या बुडाशी आणि भिंतीच्या कडेला राहिलेली हिरवळ काढण्यासाठी. कमरेएवढ्या रानाशी झुंजायला ते कधीच नव्हते.

म्हणून पहिला निर्णय पंचांगाचा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, गवत जेमतेम घोट्यापर्यंत आलेले असताना पहिली फेरी करायची. मग ऑक्टोबरपर्यंत दर बारा-पंधरा दिवसांनी एक. म्हणजे सात-आठ फेऱ्या. तुमच्या सपाट भागाला एका फेरीत पाऊण तास लागावा, आणि तोही सलग द्यायचे कारण नाही. आज पुढचे अंगण, उद्या डावा परस. पाऊस उघडला की चहा ठेवायच्या आधी वीस मिनिटे. हे करायची तयारी असेल तर बॅटरीचे मशीन तुमच्यासारखीला पेट्रोलपेक्षा कितीतरी बरे. दोरी ओढून चालू करायची झटापट नाही, धूर नाही, दुपारी झोपलेल्या शेजाऱ्यांच्या शिव्या नाहीत. बटण दाबले की चालू, सोडले की बंद. पंधरा दिवस चुकले तर एकदा अर्ध्या उंचीवर कापून घ्यायचे, वाळू द्यायचे नाही, दुसऱ्या दिवशी खालून काढायचे. महिना चुकला तर माणूसच बोलवा, मशीनशी भांडू नका.

आता तो २१ व्होल्टचा चमत्कार. लिथियमच्या एका सेलचा व्होल्टेज ३.६ धरतात. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८. तेच पाच सेल पूर्ण चार्ज झाले की प्रत्येकी ४.२, म्हणजे २१. तेव्हा १८, २० आणि २१ व्होल्ट ही एकाच बॅटरीची तीन नावे आहेत. एक शाळेतले, एक घरातले आणि एक जाहिरातीतले. दहा सेल जोडले की ३६, त्यालाच कोणी ४० म्हणतो. बाजारात ४८ किंवा ८८ असले आकडे आणि पुढे एखादे अक्षर छापलेल्या बॅटऱ्याही दिसतात. उघडल्या तर आत तेच पाच सेल ओळीने असतात. तो आकडा व्होल्टचा नसतोच, नुसता आकडा असतो.

खरा हिशेब गुणाकाराचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर, बॅटरीत एकूण किती जोर साठला आहे ते. दाटसर गवतात मशीन ४०० वॅट खेचते असे धरा. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६ वॅट-अवर, ती पाच-साडेपाच मिनिटांत संपली. १८ आणि ५ म्हणजे ९०, ती तेरा मिनिटे. ३६ आणि ५ म्हणजे १८०, ती सत्तावीस मिनिटे. कोवळ्या गवतात ओढ निम्म्यावर येते आणि वेळ दुप्पट होतो. पंचांग पाळण्याचा फायदा हा असा बॅटरीतही दिसतो.

आणि बॅटरीवर छापलेला अँपिअर-अवरचा आकडा खरा की खोटा, हे ओळखायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. आत असतात ते छोटे, बोटाएवढे सेल. एकेकाचे वजन ४५ ग्रॅमच्या जवळपास. दहा सेलची बॅटरी कवचासकट सहाशे ग्रॅमच्या पुढे भरते. साडेतीनशे ग्रॅमच्या बॅटरीवर '२१ व्होल्ट, ६ अँपिअर-अवर' छापले असेल तर तो आकडा खोटा आहे, त्यावर वाद घालायचे कारण नाही. मी हे शहाणपण विकत घेतले. माझे पहिले मशीन असेच स्वस्तातले होते. फिरत्या चकतीला अडकवायच्या प्लॅस्टिकच्या पात्या चिऱ्याच्या गडग्याला लागून एका सकाळी डझनभर उडाल्या. नव्या पात्या मिळेपर्यंत चवथ होऊन गेली. दुसऱ्या पावसाळ्यात बॅटरीने डोळे मिटले, आणि तशी बॅटरी विकणारा मला फोंड्यात मिळाला नाही की मडगावात. ते मशीन अजून माडीवर आहे. नातू त्याला बंदूक म्हणतो.

तर मुलाला कळवा: ३६ व्होल्टचे, ब्रशलेस मोटरचे, सरळ दांड्याचे, २ ते २.४ मिलिमीटरची दोरी घेणारे आणि मुंडके जमिनीवर आपटले की दोरी आपोआप बाहेर सोडणारे. खांद्याला पट्टा हवाच. ब्रशलेस मोटरमध्ये कार्बन झिजत नाही आणि तेवढ्याच बॅटरीत ती जास्त काम ओढते. मोटर कुठे आहे तेही पाहा. काहींत ती खाली मुंडक्यात असते, काहींत वर मागे, बॅटरीजवळ. वर असली तर तोल चांगला राहतो आणि ओल्या गवतापासून ती लांब राहते. खाली असली तर दांडा पुढे ओढतो आणि ते वीस मिनिटांनी मनगटाला कळते. हँडल बंद कडीसारखे घ्या. सायकलच्या हँडलसारखे रुंद असते ते मोकळ्या माळावर छान, पण पोफळी आणि गडग्याच्या मधल्या फटीत ते सगळीकडे अडते.

कंपनीचे नाव मी सांगणार नाही, पण एक लक्षात ठेवा. तुम्ही मशीन घेत नसता, बॅटरीच्या घराण्यात सोयरीक करत असता. मकिताची बॅटरी स्टिलच्या मशीनला बसत नाही, बॉशची मकिताला बसत नाही. घरात यजमानांचे बॅटरीवरचे ड्रिल असेल तर त्याच घराण्यात गवताचे मशीन आहे का ते आधी पाहा. दोन १८च्या बॅटऱ्या एकदम लावून ३६ करणारी मशीनेही मिळतात. बॅटरी आणि चार्जर धरून चांगला संच साध्या पेट्रोल मशीनपेक्षा महाग पडतो, हे आधीच सांगून ठेवते. मुलाने दाखवलेल्या किमतीत कदाचित नुसती बॅटरीही येणार नाही. म्हापशाला किंवा पणजीला दुकानात जा, बॅटरी लावून मशीन पाच मिनिटे हातात धरा, पट्टा अडकवून उजवीकडून डावीकडे झुलवून बघा. आणि दुकानदाराला विचारा की दुरुस्ती कुठे होते, सुटी दोरी आणि सुटे मुंडके आहे का. तो 'मागवून देऊ' म्हणाला तर पावसाळ्यात किती दिवसांत, तेही विचारा. शेतजमिनीचे कृषी कार्ड असेल तर विभागीय कृषी कार्यालयात यंत्रांच्या अनुदानाची चौकशी करा, मात्र खरेदीच्या आधी. पावती घेऊन नंतर गेले की बहुधा फेरी फुकट जाते.

काकांचे म्हणणे मात्र अगदीच टाकून देऊ नका. त्यांचे भाट, म्हणजे बागायत, मोठे असेल तर त्यांच्यापुरते ते बरोबर आहेत. ३५ सीसीचे चार स्ट्रोकचे इंजिन साधारण एक किलोवॅट जोर देते, आणि टाकी संपली की भरून पुढे चालते. बॅटरीला हे दोन्ही जमत नाही. पण ते बाळगायची तऱ्हा वेगळी. दोन स्ट्रोकचे असेल तर लिटरमागे तेल मोजून घालायचे, कुठे वीस मिलिलिटर, कुठे चाळीस, जे पुस्तिकेत असेल ते. अंदाजाने घातले की कमी पडले तर इंजिन धरते, जास्त झाले तर धुराने डोळे चुरचुरतात. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, ते हवेतला ओलावा पिते. दसऱ्याला मशीन ठेवताना टाकीत अर्धा लिटर राहिले की पुढच्या जूनला कार्बुरेटर चोंदलेला. मग दोरी ओढून ओढून खांदा जातो, आणि शेवटी मशीन रिक्षात घालून मेकॅनिककडे. वर्षातून वीस दिवस मशीन चालवणाऱ्याला हे सगळे परवडते, तुम्हाला त्याची गरज नाही.

तुमचा मागचा चढ मात्र पेट्रोलच्या माणसालाच द्या. तिथे रानमोडी असणारच, आणि ओल्या चढावर खांद्याला वजन अडकवून तोल सांभाळणे हे अठ्ठावन्नाव्या वर्षी नव्याने शिकायचे काम नव्हे. फक्त त्याला चवथीच्या आठवड्यात बोलवू नका. जुलैच्या मध्यावर बोलवा आणि मग ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस ओसरल्यावर. जुलैत त्याच्याकडे काम कमी असते, गवतही निम्मे असते, तो हसत येतो. चवथीला तुमचा सपाट भाग तुम्ही केलेलाच असेल आणि चढावर थोडे वाढले तरी गणपती मागच्या दाराने येत नाही.

त्या माणसाला एक ताकीद द्या, आणि ही स्वतःसाठीही लक्षात ठेवा. झाडाच्या बुडाशी मशीन नाही. मला यातले सगळ्यात जास्त कळते ते हेच, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच केले आहे. आंब्याच्या सालीखाली पानांनी बनवलेले अन्न खाली मुळांकडे नेणारा पातळ थर असतो. तुमच्या मानकुरादच्या कलमाची साल कोवळी. दोरीचा फटका सगळीकडून एकदा फिरला की तो थर गोल कापला जातो. वर पालवी दोन-चार महिने हिरवी दिसते, आपण खुशीत असतो, खाली मुळे उपाशी मरत असतात. मग एके दिवशी कलम वाळते आणि आपण वाळवीला दोष देतो. एका बाजूची साल गेली तर आंबा ती जखम हळूहळू भरून तरी काढतो. माड आणि पोफळ तेवढेही करू शकत नाहीत. ती गवताच्या जातकुळीतली झाडे, त्यांच्या खोडात नवी साल आणि नवे लाकूड घालणारा थरच नसतो. लहान पोफळीला पडलेला चर ती पोफळ जन्मभर वागवते, उंच गेली तरी खाली तसाच राहतो, आणि वादळात मोडली तर नेमकी तिथून मोडते. माडाच्या जखमेच्या वासाने लाल सोंडेचा भुंगा येतो आणि तिथे अंडी घालतो. अळ्या आतून खोड पोखरतात आणि बाहेर समजते तेव्हा उशीर झालेला असतो.

माझ्या कुळागरात मी एका सकाळी दोन वर्षांच्या सात पोफळी अशा सोलल्या. त्याच दिवशी एक मिरवेल बुडापासून तोडली. मिरवेल तर गवतात दिसतच नाही. पोफळीला टेकलेली एक बोटभर काडी, वर पंधरा फूट मिरीचे घोस. दोरी लागली एवढेसुद्धा कळले नाही. चार दिवसांनी वरची पाने माना टाकू लागली तेव्हा कळले. तेव्हापासून प्रत्येक झाडाभोवती दोन हात मोकळे आळे. त्यात नारळाची सोडणे उलटी पसरायची, वर चुडते कापून टाकायची. तिथे गवत उगवते ते दोन बोटांनी उपटण्याएवढे. आळे केले की मशीन आपोआप लांब राहते, आणि सोडणांखाली ओल धरून राहते तो वेगळा फायदा.

पात्यांविषयी. मुलाच्या संचातली तीन तऱ्हेची पाती म्हणजे तीन तऱ्हेची संकटे. हलक्या मशीनला लोखंडी पाते लावायचे नाही. पाते समोरून उजवीकडच्या भागात, घड्याळात बारा ते तीन असतात तेवढ्या भागात, दगडाला किंवा खुंटाला लागले की सगळे मशीन झटक्याने उलटे फेकले जाते. आपल्या जमिनीत चिरे कुठे वर आलेले असतात ते गवतात दिसत नाही. जड मशीनला पट्टा, रुंद हँडल आणि लोखंडी पात्यासाठीची ढाल असते, तरी तेही काम शिकलेल्या माणसाचे. आणि दोरीऐवजी साखळीचे तुकडे लावायची मुंडकी कोणी दाखवली तर हातसुद्धा लावू नका. साखळीची कडी तुटून बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. युरोपात २०१२ साली त्यांच्या विक्रीवर बंदी आली ती त्याचमुळे.

ढाल काढायची नाही. आपल्याकडचे बहुतेक कटरवाले पहिल्याच दिवशी ती काढून ठेवतात, कारण गवत अडकते. पण ढालीच्या कडेला एक छोटी सुरी असते, ती दोरी योग्य लांबीला छाटते. ढाल गेली की दोरी लांब होते, मोटरवर ओझे पडते आणि बॅटरी आधी दम टाकते. वर खडा नडगीवर येतो तो वेगळाच. मुंडके वरून पाहिले तर सरळ दांड्याच्या मशीनमध्ये ते घड्याळाच्या उलट फिरते, म्हणून उजवीकडून डावीकडे झुलवत पुढे जायचे. कापलेले गवत डाव्या हाताला, आधी कापलेल्या जागेवर पडते आणि पायाखालची जागा नेहमी दिसते. अंगणात गाडी असेल तर आधी काढा. पंधरा मीटरच्या आत कोणी नको, विशेषतः 'आजी मी बघतो' म्हणणारी पोरे. चष्मा, पूर्ण बाह्या, जाड पँट आणि गमबूट. गमबूट नुसते फुरशासाठी नाहीत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो, आणि हे मशीन तेच चिखलपाणी पोटरीवरच्या ओरखड्यांवर उडवते.

फुरशाचे म्हणाल तर तुमची भीती योग्य आहे. जांभ्या दगडाच्या फटी ही त्याची आवडती जागा, शिवाय आपल्याकडे घोणस, मण्यार आणि नागही आहेतच. कापायच्या आधी लांब काठीने गवत हलवत एक फेरी मारा, गडग्यापासून सुरुवात न करता घराकडून गडग्याकडे जा, म्हणजे जे असेल त्याला पळायला जागा राहते. गवत वाढलेले असेल तर आधी गुडघ्याच्या उंचीवर कापा, पाच मिनिटे थांबा, मग खाली. या दोन टप्प्यांत सरडे, बेडूकही निसटतात. मोठे बेडूक पावसाच्या सुरुवातीला अंगणात येतात, त्यांना मारणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि डास खाणारा प्राणी म्हणून तो आपल्या कामाचाही आहे. कापलेल्या गवताचा ढीग भिंतीला लावून ठेवू नका. दोन दिवसांत तो उंदरांचे घर होतो आणि उंदरांमागे कोण येते ते तुम्हाला सांगायला नको. हाताने गोळा करायचे झाले तर आधी दंताळ्याने ओढा. आणि कधी दंश झालाच तर काही बांधू नका, कापू नका, तो पाय हलवू नका, १०८ ला फोन करा. विषावरचे इंजेक्शन इस्पितळातच मिळते, गावातल्या जाणत्याकडे नाही.

गडग्याच्या कडेचे गवत शेवटी घ्या, कारण चिरा दोरी किसणीसारखा खातो. भिंतीपासून वीतभर लांब राहून नुसत्या टोकाने काढायचे. तुळशीवृंदावनाभोवती आणि पाण्याच्या पाइपाजवळ कोयती बरी. मी पाइप दोनदा कापला आहे, एकदा ऐन पाहुणे यायच्या सकाळी.

बॅटरी पत्र्याच्या खोपीत ठेवायची नाही, घरात ठेवायची. वापरून गरम झालेली लगेच चार्जरला लावू नका, हात लावून गार झाली की लावा. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा कापायच्या आदल्या दिवशीच चार्ज करून ठेवा. दिवाळीनंतर मशीन बसवून ठेवताना बॅटरी पूर्ण भरलेली नको, पूर्ण रिकामीही नको, निम्मी ठेवा आणि मशीनमधून काढून ठेवा. भुरभुर पावसात चालेल असे पुस्तिकेत लिहिलेले असले तरी धो-धो पावसात नेऊ नका. काम झाले की मुंडक्याखालचा चिखल काडीने काढा, पाइपने पाणी मारू नका.

आणखी एक. चवथीच्या आधी परस गुळगुळीत करायची हौस मलाही आहे, पण पत्रीतला आघाडा, माका आणि दुर्वा त्याच परसात असतात, आणि माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीला, बांधायची कांगलां, कवंडळ, शेरवड गडग्यावरच्या त्याच वेलींत आणि झुडपांत. कोयत्याने काढणारा हात थांबायचा, 'हे राहू दे' म्हणायचा. मशीनला ते कळत नाही. जूनमध्येच एका कोपऱ्यात चार बांबू रोवून दोरी बांधा, त्याच्या आत मशीन नेऊ नका. म्हापशाच्या बाजारात माटोळीच्या सामानाचे भाव ऐकलेत तर त्या कोपऱ्याची किंमत कळेल.

यजमानांविषयी तुम्ही विचारले आहे. पाठीचे ऑपरेशन झालेल्या माणसाने पट्टा अडकवून कमरेतून वळत राहणे बरे नाही; डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय मशीन देऊ नका, कितीही मागितले तरी. पण मुंडक्यात दोरी भरायचे काम त्यांचे. ते बसून करायचे आहे, त्याला निगुती लागते आणि तुम्हाला त्याचा कंटाळा येणार आहे हे मी आताच सांगते. दोन्ही टोके सारखी, बाणाने दाखवलेल्या दिशेने, एकावर एक न चढवता ताणून गुंडाळायची. सैल भरलेली दोरी आत एकमेकीत अडकते आणि मग कितीही आपटा, बाहेर येत नाही. दुकानातून आणलेले रीळ उन्हाळाभर कपाटात पडून कडक झालेले असते आणि भिंतीला लागताच तुकडे पडतात. नायलॉन पाणी पितो आणि लवचिक होतो, म्हणून पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री दोरी बादलीत भिजत घालायची. तांदूळ भिजत घालता तेव्हा त्यांना आठवण करा.